अर्जापासून हिशोबापर्यंत: सगळ्यांना जागा असलेलं कलादालन कसं चालवावं

माझं मूळ काम फ्रेमिंगचं आणि टांगणीचं. खिळे, तारा, शिडी आणि स्पिरिट लेव्हल यांच्याशी माझी ओळख कलासमीक्षेपेक्षा कितीतरी जुनी आहे. त्यामुळे एखादं सामुदायिक दालन ‘आमच्याकडे सगळ्यांना जागा आहे’ असं म्हणालं, की मी आधी त्यांचा प्रवेश-अर्ज मागून घेते आणि मग विक्रीचे पैसे कधी आणि कसे देतात ते विचारते. दारावरच्या फलकावर काय लिहिलंय ते सावकाश वाचलं तरी चालतं.

‘विविधता’ हाच विषय घेऊन वर्षातून एकदा भरवलेलं प्रदर्शन मला फारसं रुचत नाही. त्या आठवड्यात अपंग कलाकार, स्थलांतरित विणकर, आदिवासी चित्रकार, वृद्धाश्रमातल्या आज्या सगळे एका भिंतीवर येतात आणि मग वर्षभर भिंत पुन्हा नेहमीच्या नावांकडे जाते. खाली जे सांगते आहे ते रोजच्या कामकाजासाठी आहे. नव्याने दालन काढणाऱ्यांना ते सोपं जाईल. जुन्यांना काही सवयी सोडाव्या लागतील.

आधी समिती

ज्यांची कामं यावीत असं वाटतं, त्यांच्यातली माणसं निवड समितीत हवीत, आणि ती एकेकटी नकोत. पाच जणांत एकच अंध कलाकार किंवा एकच विणकर बसवला, की प्रत्येक बैठकीत ‘तुमच्या लोकांना काय वाटेल?’ म्हणून सगळे त्याच्याकडे बघतात. निदान दोघं असू द्या. मग त्यांना एकमेकांशी वाद घालता येतो, आणि सगळ्या समाजाच्या वतीने बोलायचं ओझं उतरतं.

बैठकीचं मानधन द्या, येण्याजाण्याचा खर्च वेगळा द्या. पगारी माणूस एक दुपार सहज देऊन टाकतो. रोजावर काम करणाऱ्या बाईचा तेवढ्यात रोज बुडतो. आणि समितीला तारखा, बजेट, जागा ठरण्याच्या आधी बोलवा. सगळं ठरवून झाल्यावर पोस्टरचा रंग विचारायला बोलावलेलं लोकांना लगेच कळतं.

अनुदानासाठी कुणाकडे जाणार असाल तर एक आधार जवळ ठेवा. आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेने २०२२ मध्ये प्राग इथे संग्रहालयाची नवी व्याख्या मंजूर केली. संग्रहालय सर्वांना पोहोचता येईल असं आणि सर्वसमावेशक असावं, त्याने विविधतेला चालना द्यावी आणि समुदायांच्या सहभागाने काम करावं, असं ती व्याख्या म्हणते. तुमचं दालन संग्रहालय नसलं तरी पैसे देणाऱ्यापुढे हे मांडता येतं.

अर्ज म्हणजे खरा दरवाजा

पायरीवर रॅम्प बसवतात, पण अर्ज तसाच ठेवतात. पाचशे शब्दांचं ‘कलाविषयक निवेदन’, कलाशिक्षणाचा तपशील, मागच्या पाच प्रदर्शनांची यादी, ठरावीक आकाराच्या डिजिटल फाइली, प्रवेश शुल्क, आणि हे सगळं फक्त ईमेलने. तीस वर्षं वेताच्या टोपल्या विणणारा माणूस पहिल्याच पानावर अडतो, आणि त्याची टोपली कशी आहे हे कुणाला कळतच नाही.

मी अर्ज असा करून घेते: नाव, संपर्क, काम कशाचं आहे, साधारण किती मोठं, आणि एक प्रश्न: ‘हे तुम्ही कुणाकडून शिकलात?’ शिक्षण कुठे झालं असं विचारलं की लोक गप्प होतात; कुणाकडून शिकलात म्हटलं की आजी, उस्ताद, शेजारीण, तुरुंगातला सोबती, व्हिडिओ, सगळे बाहेर येतात. उत्तर लिहून द्या, फोनवर सांगा, आवाज रेकॉर्ड करून पाठवा किंवा सांकेतिक भाषेत व्हिडिओ करून पाठवा, चारही मार्ग सारखेच धरा. आणखी एक रकाना हवा: काम एकट्याचं की अनेक हातांचं? गोधडी, गालिचा, मोठं मातीचं भांडं अनेकदा घरभर मिळून केलेलं असतं, आणि अर्जात एकच नाव लिहायला जागा असेल तर ते नाव बहुतेक वेळा घरातल्या पुरुषाचं येतं.

फोटोसाठी वेगळा दिवस ठेवा. लोकांनी वस्तू घेऊन यावी, खिडकीजवळच्या टेबलावर एक पांढरं कापड अंथरलेलं असावं, आणि ज्याला कॅमेरा येतो त्याने फोटो काढून त्यांच्या हातात द्यावेत. एवढ्याने मोठा फरक पडतो. चांगला फोटो हीच पुष्कळदा पहिली चाळणी असते आणि तिच्यात वस्तूपेक्षा कॅमेराच सरस ठरतो. शुल्क ठेवायचंच असेल तर माफीसाठी पुरावा मागू नका; ‘शुल्क भरणं अवघड आहे’ एवढ्या खुणेवर माफ करा.

अर्ज मागवून बसून राहू नका. कर्णबधिरांचे गट, अपंगांची दिवस-केंद्रं, स्थलांतरितांच्या वस्त्या, शिवणकामाचे वर्ग, मानसिक आजारातून सावरणाऱ्यांची केंद्रं, अशा ठिकाणी स्वतः जा. गेल्यावर भाषण करू नका. त्यांचं काम चालू असताना शेजारी बसा.

काही जणांच्या बाबतीत मात्र अर्जाच्या आधी सामान लागतं. अमेरिकेत ओकलंड इथे १९७४ पासून ‘क्रिएटिव्ह ग्रोथ’ नावाचं केंद्र आहे. अपंग कलाकारांसाठी स्टुडिओ आणि दालन एकाच ठिकाणी. जुडिथ स्कॉट तिथे १९८७ मध्ये आली. तिला डाउन सिंड्रोम होता, ऐकू येत नव्हतं, आणि आयुष्यातली ३५ हून अधिक वर्षं संस्थांमध्ये गेली होती. चित्रं काढण्यात तिचं मन काही रमलं नाही. मग धाग्याच्या कामाचा एक वर्ग झाला आणि ती हाती लागेल त्या वस्तूभोवती सूत, लोकर, कापडाच्या पट्ट्या गुंडाळू लागली. आत काय आहे ते शेवटी दिसतच नसे. ती २००५ मध्ये वारली आणि २०१४ मध्ये ब्रुकलिन म्युझियमने तिच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरवलं. तिथल्या लोकांनी दोन गोष्टी केल्या: वेगवेगळं सामान समोर ठेवलं आणि तिला घाई केली नाही. दालनाला जोडून एक खोली, दोन टेबलं, रंगाशिवाय माती, धागा, तार, लाकूड असं काहीतरी ठेवता आलं तर ठेवाच.

निवड करताना

कीव येऊन निवडलेलं काम भिंतीवर लपत नाही, आणि ते करणाऱ्याला तर सगळ्यात आधी कळतं. म्हणून कसोटी सैल करू नका. कसोटी त्या कामाची असू द्या. भरतकाम उलटून मागची बाजू बघा, टोपलीचा काठ दाबून बघा, मडक्यावर टिचकी मारून आवाज ऐका. तैलचित्रांवर बोलण्यात मुरलेल्या माणसाला हे जमेलच असं नाही, म्हणून त्या हस्तकलेतला जाणकार समितीत असायला हवा.

चित्रं मोठ्या हॉलमध्ये आणि ‘हस्तकला’ जिन्याखाली, ही वाटणी मोडा. भोपाळच्या भारत भवन या कलाकेंद्रात, १९८२ मध्ये ते उघडलं तेव्हा, चित्रकार ज. स्वामीनाथन यांनी आदिवासी आणि लोककलाकारांची कामं शहरी आधुनिक चित्रकारांच्या बरोबरीने, समकालीन म्हणून मांडली. गोंड आदिवासी समाजातले जनगढसिंह श्याम तिथूनच स्वतःच्या नावाने चित्रकार म्हणून पुढे आले. सामुदायिक दालनाला हे करायला भवन लागत नाही. कॅनव्हासशेजारी गोधडी टांगायची, एवढंच. दोन्ही कामं एकमेकांकडे बघू लागतात आणि बघणाराही थांबतो.

भिंत, वाट आणि उजेड

आता माझ्या कामाकडे येते, त्यामुळे इथे थोडी रेंगाळणार आहे.

बऱ्याच दालनांत चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५५ सेंटिमीटरवर धरतात. उभ्या माणसाला ते सोयीचं. व्हीलचेअरवर बसलेल्या प्रौढाची नजर साधारण ११० ते १३० सेंटिमीटरवर असते, मुलांची त्याहून खाली. मी मध्य १३५ ते १४० वर आणते. उंच माणसाला मान किंचित खाली करावी लागते, त्याने काही बिघडत नाही. छोट्या वस्तू चौथऱ्यावर ठेवताना जास्त काळजी घ्या: वस्तू १०० सेंटिमीटरच्या वर गेली की बसलेल्या माणसाला ती वरून नीट दिसत नाही. वाटीच्या आतली नक्षी दाखवायची असेल तर चौथरा खाली घ्या.

वाट निदान ९० सेंटिमीटर रुंद हवी, आणि वळायला १५० सेंटिमीटरचं मोकळं वर्तुळ. ते वर्तुळ खडूने जमिनीवर काढून बघा; चौथरे कुठे सरकवायचे ते आपोआप कळतं. दारात पायरी असेल तर रॅम्पचा चढ एकास बारा: पायरी १५ सेंटिमीटरची असेल तर रॅम्प १८० सेंटिमीटर लांब. मागच्या दाराने, कचऱ्याच्या डब्यांशेजारून नेणारा रॅम्प मी रॅम्प मानत नाही.

एक गोष्ट अनुभवी टांगणीवाल्यांनाही ठाऊक नसते. पांढरी काठी जमिनीलगत चालते. भिंतीवरची एखादी वस्तू जमिनीपासून साधारण ७० सेंटिमीटरच्या वर असेल आणि भिंतीपासून १० सेंटिमीटरपेक्षा जास्त पुढे आली असेल, तर काठीला ती लागत नाही आणि माणूस थेट तिच्यावर आदळतो. पुढे आलेलं लाकडी शिल्प, फळी, कप्पा, सगळं या मापाने तपासा. खाली जमिनीवर एक पेटी किंवा चौथरा ठेवला की काठीला सूचना मिळते.

कापडाला चिमटे लावू नका. गोधडी किंवा गालिच्याच्या मागे वरच्या कडेला कापडी नळी शिवून घ्या, तिच्यातून चपटी लाकडी पट्टी घाला आणि पट्टीची टोकं टांगा, म्हणजे वजन सगळ्या रुंदीवर पसरतं. शिवताना मागचाच थर धरा, पुढे टाका दिसता कामा नये. हे काम शक्यतो करणारीलाच, पैसे देऊन, सांगा. तिच्या कापडाला सुई कुठे झेपते ते तिलाच ठाऊक असतं.

उजेडाचा प्रश्न अवघड आहे. कापड, जलरंग, नैसर्गिक रंग यांच्यासाठी ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आसपास उजेड ठेवतात, कारण उडालेला रंग परत येत नाही. पण ज्याला कमी दिसतं त्याला ५० लक्समध्ये काहीच दिसत नाही. दोघांचं भांडण मिटवायला एक हिशोब उपयोगी पडतो: नुकसान उजेड गुणिले तास असं मोजतात. उजेड दुप्पट केला आणि तास निम्मे केले तर मात्रा तेवढीच. म्हणून दिवा सतत जळत ठेवण्याऐवजी माणूस समोर आला की उजळणारा सेन्सर लावा, किंवा महिन्याच्या प्रदर्शनात मध्यावर कापडं बदला. थेट ऊन कुठेच नको.

स्पर्शासाठी मूळ वस्तू द्यायची की नमुना, हे करणाऱ्याला विचारा. इटलीतल्या अँकोना इथलं ओमेरो स्पर्श-संग्रहालय १९९३ पासून शिल्पं हातांनी पाहू देतं. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयाने २०१५ मध्ये काही प्रसिद्ध चित्रांच्या उठावाच्या प्रतिकृती करून त्यांना हात लावू दिला होता. तुम्हाला एवढं करायची गरज नाही. हस्तकलेचं दालन इथे नशीबवान आहे: विणकराकडून हातभर तुकडा, कुंभाराकडून एक कच्चं आणि एक भाजलेलं भांडं, बांबूच्या सोललेल्या आणि न सोललेल्या पट्ट्या. हे नमुने विकत घ्या, फुकट मागू नका. हात धुऊन, अंगठ्या काढून हात लावायचा, एवढा नियम पुरतो. डोळस लोकही या टेबलापाशी सगळ्यात जास्त वेळ घालवतात.

लेबल

अक्षर निदान १८ पॉइंटचं, गडद अक्षर फिक्या पार्श्वभूमीवर, कागद चकाकी नसलेला, मजकूर साठेक शब्दांत. ब्रेल भिंतीवर उंच चिकटवू नका. मनगट वाकवून कुणी वाचत नाही. कंबरेच्या थोडं वर, तिरक्या फळीवर ठेवा. मजकूर ऐकवण्यासाठी क्यूआर कोड लावलात तर त्याचा कोपरा किंचित उंचावलेला असू द्या, नाहीतर तो आहे हे अंध माणसाला कळणार कसं?

मजकुरात नाव हवं. ‘पारंपरिक कारागीर’ हे नाव नव्हे. गटाचं काम असेल तर गटातल्या सगळ्यांची नावं, यादी लांब झाली तरी. आजार, अपंगत्व, जात, स्थलांतराची कहाणी हे करणाऱ्याने स्वतः सांगितलं तर आणि सांगितलं तेवढंच. मी लेबलाचा मसुदा त्याच माणसाला वाचून दाखवते आणि तो ‘हे काढा’ म्हणाला की कारण न विचारता काढते. बघणाऱ्याला सामान, तंत्र आणि किती वेळ लागला हे जाणून घ्यायची फार उत्सुकता असते. त्यानेच साठ शब्द भरतात.

काही नक्षी सगळ्यांनी बघायची नसते. ऑस्ट्रेलियातल्या पापुन्या इथे १९७१-७२ मध्ये आदिवासी चित्रकारांनी फळ्यांवर चित्रं काढायला घेतली, तेव्हा सुरुवातीच्या काहींत दीक्षा घेतलेल्यांनीच पाहायच्या खुणा होत्या. त्यावर त्यांच्याच लोकांत नाराजी झाली, आणि पुढे त्या खुणा ठिपक्यांखाली झाकल्या गेल्या किंवा वगळल्या गेल्या. म्हणून विधीशी जोडलेलं काम असेल तर ‘हे कुणीही पाहिलं, फोटो काढला, छापलं तर चालेल का?’ असे तीन वेगळे प्रश्न विचारा. तिन्हींची उत्तरं वेगळी येऊ शकतात.

पैसा

इथे गोड बोलणं बंद करून कागद काढावा लागतो. करारात एवढं असावं: वस्तूंची फोटोसह यादी, विक्रीची किंमत, दालनाचं कमिशन, विक्रीनंतर किती दिवसांत पैसे मिळणार (तीसपेक्षा जास्त नको), चोरी किंवा नुकसान झालं तर भरपाई कोण देणार, आणि फोटो कशासाठी वापरता येईल. शेवटचा मुद्दा लोक विसरतात. पोस्टरवर फोटो छापणं वेगळं आणि नक्षी कपांवर छापून विकणं वेगळं. दुसऱ्यासाठी स्वतंत्र परवानगी आणि स्वतंत्र मोबदला. करार त्या माणसाच्या भाषेत मोठ्याने वाचून दाखवा आणि घरी न्यायला द्या. तिथल्या तिथे सही घेऊ नका.

अमेरिकेतल्या अलाबामामधल्या गीज् बेंड या वस्तीतल्या कृष्णवर्णीय बायकांच्या गोधड्या २००२ मध्ये ह्यूस्टनच्या कला संग्रहालयात आणि मग न्यू यॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात लागल्या आणि जगभर गाजल्या. २००७ मध्ये त्यांच्यातल्या काही जणी पैसे आणि हक्क यांवरून कोर्टात गेल्या. पुढे ते प्रकरण मिटलं. भिंतीवर मान मिळाला म्हणजे हिशोब स्पष्ट झाला असं होत नाही, म्हणून तो आधी लिहायचा. पापुन्याच्या चित्रकारांनी १९७२ मध्येच स्वतःच्या मालकीची कंपनी काढली, पापुन्या तुला, आणि ती अजून चालते. ऑस्ट्रेलियात २०१० पासून कायद्याने ठरावीक रकमेच्या वरच्या पुनर्विक्रीत चित्रकाराला पाच टक्के मिळतात. तुमच्याकडे असा कायदा नसेल तरी करारात तसं कलम घालायला कुणाची ना नाही.

किंमत ठरवायला मदत करा. पहिल्यांदा विकणारे, त्यातही बायका, सामानाच्या खर्चाच्या जेमतेम वर किंमत सांगतात. समोर कागद घेऊन बसा: सामान, तास, तासाचा रोज, वाहतूक, मग कमिशन. आकडा बघून बाई हसतात आणि ‘इतकं कोण देणार?’ म्हणतात. असू द्या. ज्यांना विकायचंच नाही त्यांना आग्रह करू नका. ‘विक्रीसाठी नाही’ असं लेबल लावा आणि त्यांना प्रदर्शनाचं मानधन द्या.

उद्घाटनाचा दिवस

भाषणं तीन मिनिटांची. सांकेतिक भाषेचा दुभाषा असेल तर त्याच्यावर दिवा हवा. स्लाइड दाखवायला खोलीत अंधार केला की कर्णबधिरांसाठी कार्यक्रम तिथेच संपतो. ‘मला माईक लागत नाही’ म्हणणाऱ्या वक्त्याला माईक द्याच, कारण ज्याला कमी ऐकू येतं तो मागून हात वर करून सांगणार नाही. पाठीला टेकू आणि हाताला आधार असलेल्या खुर्च्या ठेवा. आठवड्यातला एक तास शांत ठेवा: संगीत बंद, लुकलुकणारे दिवे बंद, माणसं मोजकी. ऑटिझम असलेल्यांसाठी तो ठेवतात, पण येतात अनेक जण.

नंतर

प्रदर्शन उतरल्यावर तीन याद्या शेजारी ठेवा: अर्ज कुणी केले, निवड कुणाची झाली, विक्री कुणाची झाली. पहिल्या यादीत असलेला एखादा गट दुसरीत गायब असेल तर समितीकडे बघा. दुसरीत असून तिसरीत नसेल तर जागा, उजेड आणि किंमत बघा. पहिल्याच यादीत नसेल तर पुन्हा त्यांच्याकडे जाऊन शेजारी बसायचं. हा हिशोब भिंतीवर लावा, आकडे लाजिरवाणे असले तरी.

न विकलेली कामं पावती करून, आली होती तितक्याच चांगल्या आवरणात, शक्यतो घरपोच परत करा. स्वतः येऊन घेऊन जा म्हटलं की दूरच्यांचं कमिशन न कापताही नुकसान होतं. गोधडीच्या मागची कापडी नळी उसवू नका, पट्टीही सोबत द्या. पुढच्या दालनाला ती आयती मिळते.